दोन मतांचा पक्ष

सराफकट्ट्यावर बसणाऱ्यास हे सांगावयास नको की, तराजूची दोन्ही पारडी समतोल झाली म्हणजे गुंजेलाही किंमत येते. सन १९६१ च्या सप्टेंबरात नॉर्वे देशातील निवडणुकीचा निकाल लागला, तेव्हा तेथील विधिमंडळाची हीच गत झाली. एकंदर जागा १५०. पैकी मजूर पक्षास ७४, त्याच्या विरोधातील चार पक्षांस मिळून ७४, आणि राहिलेल्या दोन समाजवादी लोकपक्ष नावाच्या, त्याच वर्षी जन्मलेल्या एका चिमुकल्या पक्षास. शेकडा २.४ मते मिळविणाऱ्या पक्षाच्या हाती मंत्रिमंडळाचे जीवित जावे, हा लोकशाहीतील दोष की गुण, याविषयी आमच्या वाचकांत दुमत असेल. आमचे मत पुढील हकीकतीवरून दिसेलच.

हा पक्ष मजूर पक्षाच्याच पोटी जन्मला. ‘ओरिएन्टेरिंग’ नावाच्या वृत्तपत्राभोवती जमलेल्या मंडळींस नॉर्वेने १९४९ साली नाटो करारात शिरावे हे कधीच मानवले नव्हते, व अण्वस्त्रांचा तर त्यांस मनस्वी तिटकारा होता. अमेरिका व रशिया या दोहोंपैकी कोणाच्याही ओंजळीने पाणी न पिता समाजवादाने आपल्या पायांनी चालावे, आणि ते मतपेटीच्या मार्गानेच चालावे, असा त्यांचा आग्रह. मजूर पक्षाने त्यांस घराबाहेर काढले; त्यांनी आपली निराळी चूल मांडली. ओस्लोहून फिन गुस्ताव्हसेन व उत्तरेकडील नूरलान प्रांतातून आस्ब्यर्न होल्म, असे दोघे निवडून आले.

पंतप्रधान आयनार गेरहार्डसेन हे काही लेचेपेचे पुढारी नव्हते. तरुणपणी रस्त्याच्या कामावर मजुरी केलेले, जर्मनांच्या छळछावणीतून जिवंत परतलेले, युद्धानंतरच्या नॉर्वेची घडी ज्यांच्या हातून बसली असे हे गृहस्थ. लोक त्यांस राष्ट्रपिता म्हणत. अशा माणसास जाब विचारणे विरोधकांसही जड जाते. मग ज्यांनी त्याच्याच हाताखाली राजकारणाचे धडे गिरविले, त्यांची गोष्ट काय बोलावी!

परंतु तो प्रसंग आला. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी, उत्तर ध्रुवाकडील स्वालबार्ड बेटांवर, नी-ओलेसुन्ड येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन २१ कामगार प्राणांस मुकले. काहींची प्रेतेही वर आणता आली नाहीत. खाण सरकारच्या मालकीची होती, आणि तेथे माणसे मरण्याची ती पहिली वेळ नव्हती. चौकशी समितीने सुरक्षिततेच्या व्यवस्थेतील ढिलाई उघडकीस आणली. उद्योगमंत्री गेले, त्यांच्या जागी संयुक्त राष्ट्रसंघाचे पहिले सरचिटणीस ट्रिग्वे ली आले. एवढ्याने विरोधकांचे समाधान झाले नाही, आणि १९६३ च्या ऑगस्टात ऐन उन्हाळी सुटीत विधिमंडळ बोलावून अविश्वासाचा ठराव मांडण्यात आला.

येथे त्या दोघांची कसोटी लागली. ठरावास मत द्यावे, तर १९३५ पासून चालत आलेली मजूर पक्षाची सत्ता जाऊन कारभार भांडवलदारांच्या कैवाऱ्यांकडे जाणार. न द्यावे, तर खाणीत गाडल्या गेलेल्या मजुरांच्या मृत्यूचा जाब मजुरांच्याच नावाने राज्य करणाऱ्यांस कोणी विचारावयाचा? खासगी मालकाच्या खाणीत असा अनर्थ झाला असता, तर याच मंडळींनी आकाशपाताळ एक केले असते. मालक सरकार आहे म्हणून माप बदलावे काय? कंपनीचा रोजचा कारभार मंत्री पाहत नाही, असे कोणी म्हणेल. पण नफा झाला तर तो राष्ट्राचा आणि माणसे मेली तर ती मुनिमाच्या हिशेबी, हा न्याय कोणत्या पेढीवर चालतो?

गुस्ताव्हसेन व होल्म यांनी सरकारविरुद्ध मते दिली. ठराव ७६ विरुद्ध ७४ मतांनी मंजूर झाला व गेरहार्डसेन पायउतार झाले. उजव्या पक्षाचे यॉन लिंग यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. ते राहिले बरोबर चार आठवडे! कारण सप्टेंबरात मजूर पक्षाने आपला नवा कार्यक्रम पुढे ठेवताच ती दोन मते पुन्हा त्याच्या पारड्यात पडली, आणि गेरहार्डसेन परत पंतप्रधान झाले. यास कोणी धरसोड म्हणतील. आम्ही म्हणत नाही. भागीदारीतला जो भाऊ वही उघडून दाखवा म्हणतो, तो पेढी बुडवावयास निघालेला असतोच असे नाही. घरचे लोक मात्र त्यास भांडखोर ठरवितात, हा अनुभव बाजारपेठेत नवा नाही.

पक्षाचे पुढचे दिवस चढउताराचे गेले. १९६५ साली शेकडा सहा मते पडूनही जागा दोनच मिळाल्या, आणि १९६९ साली एकही नाही. युरोपीय समूहात शिरण्यास नॉर्वेच्या जनतेने १९७२ साली कौल घेऊन नकार दिला. त्या चळवळीच्या लाटेवर १९७३ साली इतर डाव्या गटांसह केलेल्या आघाडीस १६ जागा लाभल्या, व १९७५ साली त्यातूनच समाजवादी डावा पक्ष उभा राहिला. २००५ ते २०१३ पर्यंत तो मजूर पक्षाबरोबर मंत्रिमंडळात बसला. त्याच्या क्रिस्टिन हाल्व्होर्सेन या देशाच्या पहिल्या महिला अर्थमंत्री झाल्या. ही मोठीच मजल होय. तरी आम्हांस एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. २०११ साली नाटोच्या मोहिमेत नॉर्वेच्या विमानांनी लिबियावर बॉम्ब टाकले, तेव्हा नाटोशी असलेल्या वैरातून जन्मलेल्या पक्षाचा हा वारस त्याच मंत्रिमंडळात होता, आणि त्याने त्यास संमती दिली होती. दोन जागा असताना ज्यांस सरकार पाडण्याचे धैर्य झाले, त्यांच्या वारसांस मंत्रिपदे हाती असताना ते का झाले नाही, याचे उत्तर त्या पक्षानेच द्यावयाचे आहे.

नी-ओलेसुन्डची खाण त्या स्फोटानंतर बंद पडली. त्या गावी आता शास्त्रज्ञ राहतात, आणि आपल्या देशाचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्रही २००८ पासून तेथेच आहे.