नाव नसलेल्या तबकड्या

बर्लिनमध्ये ‘हार्ड वॅक्स’ हे रेकॉर्डचे दुकान आहे. मार्क एर्नेस्टस यांनी ते 1989 मध्ये सुरू केले. तिथे टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या 12 इंची तबकड्या चाळताना काहींवर कलाकाराचे नावच सापडत नाही. मधल्या गोल कागदावर रबरी शिक्का, फार तर एखादा आकडा. छायाचित्राचा तर प्रश्नच नाही. घ्यायची की नाही, हे ऐकूनच ठरवायचे.

ही युक्ती टेक्नोपेक्षा जुनी. 1950च्या दशकात जमैकाच्या किंग्स्टनमध्ये मोठमोठे स्पीकर लावून नाचाचे जलसे होत आणि कुणाकडे कोणती अमेरिकी रेकॉर्ड आहे, यावर गर्दी कुठे वळणार ते ठरे. म्हणून कॉक्सन डॉड यांच्यासारखे साउंड सिस्टिमवाले रेकॉर्डवरचे लेबलच काढून टाकत. विलिस जॅक्सनची ‘लेटर फॉर द गेटर’ ही धून तिथे ‘कॉक्सन हॉप’ म्हणून गाजली. प्रतिस्पर्धी ड्यूक रीड यांनी अखेर ती हुडकून काढलीच! तेव्हा हे निनावीपण म्हणजे निव्वळ धंद्यातले गुपित होते.

त्याला तत्त्वाची धार आली डेट्रॉइटमध्ये. माइक बँक्स, जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड यांच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या गटातले कृष्णवर्णीय संगीतकार चेहरे झाकून वावरत. बड्या कंपन्या चेहरा विकतात ना, मग तो द्यायचाच नाही.

बर्लिनमध्ये ‘हार्ड वॅक्स’चे एर्नेस्टस आणि त्यांचे साथीदार मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड हे जमैकन डबचे, म्हणजे प्रतिध्वनींनी भरलेल्या तिथल्या संगीताचे, भक्त. त्यांनी 1993 पासून ‘बेसिक चॅनेल’ या शिक्क्याखाली टोपणनावांनी 12 इंची रेकॉर्ड काढल्या. लेबलवरची अक्षरे इतकी फुटलेली, की वाचायला कष्ट पडावेत. संगीतही तसेच: एकच कॉर्ड मिनिटामिनिटाने धुरकट होत जाते.

विनाइलच का? मोबाइलवर सूर उमटण्याआधी नाव दिसते. तबकडीवर न छापलेले नाव सहसा दिसत नाही. शोधणाऱ्याला एकच धागा उरतो. सुई शेवटी जिथे फिरत राहते, त्या कोऱ्या पट्टीवर हाताने कोरलेला क्रमांक किंवा संदेश. अर्थात या गूढाचा बाजारही आहे. थोड्याच प्रती काढल्या की भाव चढतो आणि सुमार संगीतही नुसत्या शिक्क्यावर खपते.

गुपित टिकवणे मात्र अवघड. लंडनच्या ‘बेरिअल’ या निनावी संगीतकाराचा ‘अनट्रू’ हा 2007चा अल्बम मर्क्युरी या संगीत पुरस्काराच्या यादीत आला आणि वृत्तपत्रे मागे लागली. 2008 मध्ये त्याने स्वतःच विल्यम बेव्हन हे नाव सांगून टाकले.

मुंबईच्या चरणजित सिंग यांच्या बाबतीत उलटेच घडले. सिंथेसायझरवर राग वाजवलेली त्यांची 1982ची रेकॉर्ड एका डच कंपनीने 2010 मध्ये पुन्हा काढली, तेव्हा तिचा आवाज आजचा वाटल्याने ही कुणा आधुनिक संगीतकाराची टोपणनावाने केलेली खोडी असावी, असा संशय काहींनी घेतला. एचएमव्हीच्या मूळ रेकॉर्डवर सिंग यांचे नाव स्पष्ट छापलेले होते.