सेटिंग-व्यवस्था, परिचालन प्रणालीतील

संगणकाच्या पडद्याची प्रखरता, ध्वनीची पातळी, लेखनाची भाषा, इंटरनेटची जोडणी, परवलीचा शब्द इ. बाबी आपल्या गरजेप्रमाणे ठरविण्यासाठी उपयोजकाला जे पर्याय दिलेले असतात, त्यांना सेटिंग म्हणतात. हे पर्याय कोठे, कोणत्या गटात व किती पायऱ्यांनंतर सापडावेत, याची परिचालन प्रणालीत केलेली योजना म्हणजे सेटिंग-व्यवस्था होय. एखादा पर्याय प्रणालीत असूनही सापडत नसेल, तर उपयोजकाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच असतो. म्हणून या व्यवस्थेची पुनर्रचना हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही.

विकास : ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकात (१९८४) प्रमुख पर्याय ‘कंट्रोल पॅनेल’ या एकाच लहान चौकटीत सामावलेले होते. सूझन केअर यांनी काढलेल्या चित्रांमुळे त्यात शब्दांची फारशी गरज भासत नसे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीतही (१९८५) याच नावाची आज्ञावली होती. पुढे संगणकाला जोडावयाची उपकरणे वाढली, तसे पर्यायही वाढले. विंडोज ९५ मध्ये (१९९५) कंट्रोल पॅनेल म्हणजे चित्रचिन्हांनी भरलेले एक दालनच झाले. प्रत्येक चिन्हामागे स्वतंत्र घटक असे व उपकरणांच्या उत्पादकांनाही आपले घटक त्यात घालता येत. या सोयीमुळे चिन्हांची गर्दी झाली. ती कमी करण्यासाठी विंडोज एक्सपीत (२००१) विषयवार गट पाडण्यात आले. मात्र जुनी मांडणी परत आणण्याची मुभा ठेवण्यात आली. विंडोज व्हिस्टात (२००७) शोधाची सोय आली.

पुनर्रचना : स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांचा प्रसार झाल्यावर लहान चिन्हे व दाटीच्या चौकटी गैरसोयीच्या ठरू लागल्या. विंडोज ८ मध्ये (२०१२) बोटाने हाताळता येईल असे नवे सेटिंग-दालन देण्यात आले. परंतु त्यात मोजकेच पर्याय असल्याने कंट्रोल पॅनेलही ठेवावे लागले. विंडोज १० मध्ये (२०१५) नव्या दालनाचे नऊ गट करण्यात आले. विंडोज ११ मध्ये (२०२१) ते अकरा झाले व गटांची यादी डाव्या बाजूस कायम दिसू लागली. ॲपलनेही मॅकओएस व्हेंचुरा या आवृत्तीत (२०२२) चिन्हांच्या जुन्या मांडणीऐवजी डाव्या बाजूस यादी असलेली, आयफोनच्या धर्तीची मांडणी स्वीकारली.

स्थलांतराची अडचण : प्रत्येक सेटिंगची दोन अंगे असतात : प्रणालीने साठवून ठेवलेले मूल्य आणि ते बदलण्यासाठी पडद्यावर दिसणारे साधन. मूल्य जागच्या जागी ठेवून साधन दुसरीकडे नेता येते. त्यामुळे एकाच मूल्याकडे नेणारी जुनी व नवी अशी दोन दारे एकाच वेळी उघडी राहू शकतात. विंडोजमध्ये हेच घडले. २०२० च्या एका अद्ययावत आवृत्तीपासून कंट्रोल पॅनेलमधील ‘सिस्टीम’ हे पृष्ठ उपयोजकाला नव्या दालनात नेऊन सोडू लागले. उलट विंडोज ११ मध्ये माउसचे अधिक पर्याय मागितल्यास जुनीच चौकट उघडते. इतर उत्पादकांचे घटक जुन्या रचनेवर अवलंबून असल्याने ती एकाएकी काढून टाकणे अवघड असते.

याचा भार उपयोजकावर पडतो. बहुसंख्य लोक पर्यायाचे नाव लक्षात ठेवत नाहीत, त्याची वाट लक्षात ठेवतात. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने काम करणाऱ्या अंध व्यक्तीला तर कळांचा क्रमच पाठ असतो. मांडणी बदलली की तो नव्याने शिकावा लागतो. मराठी लेखनाचे उदाहरणही बोलके आहे. विंडोज एक्सपीत देवनागरीसाठी कंट्रोल पॅनेलमधील भाषाविषयक घटकात जाऊन जटिल लिप्यांच्या फाइली आधी स्थापित कराव्या लागत व मग मराठी कळफलक जोडावा लागे. विंडोज १० व ११ मध्ये तो वेळ व भाषा यांच्या गटातून जोडतात, वेगळ्या फाइली लागत नाहीत. काम सोपे झाले; पण जुन्या सूचना हाती धरून बसणाऱ्यास ते अवघडच वाटते.

तत्त्वे : चांगल्या पुनर्रचनेत गट प्रणालीच्या अंतर्गत भागांप्रमाणे न पाडता उपयोजकाच्या कामाप्रमाणे पाडले जातात. शोधाची सोय उपयुक्त असली, तरी ती पुरेशी नसते. कारण शोधण्यासाठी नाव ठाऊक असावे लागते. अक्षरे मोठी करू पाहणाऱ्यास ‘स्केलिंग’ हा शब्द सुचेलच असे नाही. म्हणून जुनी नावे व व्यवहारातील शब्द यांवरूनही पर्याय सापडावा लागतो. जुन्या वाटेने आलेल्यास नव्या जागी पोहोचविण्याची व्यवस्था असावी लागते. सुलभतेसाठी पर्याय कमी केल्यास प्रणाली नीटनेटकी दिसते; परंतु खासगी माहितीवरील नियंत्रण किंवा अपंगांसाठीच्या सोयी त्या ओघात खोलवर गेल्यास उपयोजकाचा अधिकार कागदोपत्री राहतो व व्यवहारात नाहीसा होतो. नव्या मांडणीचे मूल्यमापन त्यामुळे तिच्या देखणेपणावरून न करता, गरजू व्यक्तीला आवश्यक तो पर्याय कोणाच्याही मदतीविना सापडतो की नाही, यावरून करणे इष्ट ठरते.