मेघाखालचा कोळसा

संगणकाच्या जगाने आपल्या परिभाषेसाठी मोठी सोज्ज्वळ नावे निवडली आहेत. आपली छायाचित्रे, पत्रे आणि बँकेतील हिशेब जेथे साठविले जातात, त्या व्यवस्थेला तेथे 'क्लाउड', म्हणजे मेघ, असे म्हणतात. मेघ म्हटला की तो निर्मळ, भारहीन, कोणाच्या जमिनीला वा पाण्याला धक्का न लावणारा, अशी समजूत सहज होते. वस्तुस्थिती निराळी आहे. हा मेघ जमिनीवर, काँक्रिटच्या प्रचंड इमारतींत राहतो, रात्रंदिवस वीज खातो आणि आतील यंत्रे तापू नयेत म्हणून आणखी वीज व पाणी मागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगल कंपनीने विशाखापट्टणम येथे अशा 'डेटा सेंटर'साठी पाच वर्षांत सुमारे १५ अब्ज डॉलर गुंतविण्याची घोषणा केली. त्याची क्षमता गिगावॅटच्या, म्हणजे हजार मेगावॅटच्या, मापात सांगितली गेली. घरे, हॉटेले आणि कारखाने मिळून सबंध गोव्याची ऐन उन्हाळ्यातील कमाल मागणीही अजून या आकड्याला पोचलेली नाही!

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या मानाने हा वाटा दीड टक्का आहे. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हव्यासापायी २०३० पर्यंत तो आकडा दुपटीहून पुढे जाईल, असे हीच संस्था सांगते. शिवाय हा भार जगभर सारखा पसरत नाही. तो मोजक्याच गावांच्या डोक्यावर पडतो.

तो कसा पडतो, हे आयर्लंडमध्ये पाहावे. पारतंत्र्याच्या काळात आपल्याकडील देशभक्त त्या छोट्या देशाच्या लढ्याची वर्णने आस्थेने वाचीत. आज त्याच्याकडून वेगळा धडा घ्यावा लागत आहे. करसवलतींच्या ओढीने परदेशी कंपन्या डब्लिनच्या परिसरात आल्या, आणि त्यांच्यामागून डेटा सेंटर्स आली. २०१५ मध्ये त्या देशाच्या मोजलेल्या वीजवापरापैकी ५ टक्के वीज या इमारतींत जात होती; २०२३ मध्ये हे प्रमाण २१ टक्क्यांवर गेले. त्या वर्षी देशातील सर्व शहरी घरांनी मिळून १८ टक्के वीज वापरली होती. अखेर २०२१ मध्ये तेथील नियामकाला नव्या जोडण्यांवर कडक अटी घालाव्या लागल्या आणि डब्लिनभोवती तर नव्या जोडण्या जवळजवळ थांबल्या. आधी निमंत्रण आणि मागाहून हिशेब, असा हा उलटा क्रम होता.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: आम्ही जेवढी वीज वापरतो तेवढी स्वच्छ वीज विकत घेतो. या उत्तरात अर्धे सत्य आहे. दुपारच्या उन्हात कोठेतरी निर्माण झालेल्या सौर विजेचा दाखला विकत घ्यायचा आणि मध्यरात्री कोळशाच्या विजेवर यंत्रे चालवायची, असा व्यवहार वर्षाच्या जमाखर्चात चोख बसतो. आकाशातील कार्बन वायू मात्र त्या जमाखर्चाला भीक घालीत नाही. २०३० पर्यंत आपण वातावरणातून जितका कार्बन काढून घेऊ तो सोडलेल्या कार्बनहून अधिक असेल, अशी प्रतिज्ञा मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये केली. २०२४ च्या अहवालात तिलाच आपले उत्सर्जन २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढल्याचे नमूद करावे लागले. गूगलचे २०२३ मधील उत्सर्जन २०१९ पेक्षा ४८ टक्के अधिक होते. या कंपन्यांनी आकडे लपविले नाहीत, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. तासातासाला आणि त्याच वीजजाळ्यावर स्वच्छ वीज वापरण्याचे ध्येय गूगलने स्वतःच जाहीर केले होते. मग तीच कसोटी प्रत्येक कंपनीला कायद्याने का लावू नये?

हा प्रश्न गोव्याला परका नाही. आपल्या राज्यात मोठे वीजकेंद्र नाही. येथला दिवा कोरबा आणि विंध्याचलसारख्या दूरच्या औष्णिक केंद्रांच्या आधारावर जळतो. धूर तिकडे, उजेड इकडे, म्हणून आपल्याला दिव्याखालचा अंधार दिसत नाही. परंतु वीज आणायची तर वाहिन्या लागतात, आणि वाहिन्या जंगलातून जातात. तमनारच्या वीजवाहिनीसाठी मोलेच्या अरण्यातील झाडांवर कुऱ्हाड येणार म्हणताच २०२० मध्ये गोव्यातील तरुण रस्त्यावर आले होते. विजेच्या प्रत्येक नव्या मागणीचे टोक कोठल्या ना कोठल्या मोलेला जाऊन टेकते, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले.

आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. खेड्यातील मुलाला घरबसल्या ग्रंथालय लाभते आणि शेतकऱ्याची तालुक्याची खेप वाचते, ही लहान गोष्ट नव्हे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, प्रदूषण न करणारा उद्योग म्हणून माहिती तंत्रज्ञानाला पायघड्या घालण्यापूर्वी सरकारने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: वीज कोठून व कोणत्या वेळी येणार, उन्हाळ्यात पाणी कोणाच्या नळातून जाणार, आणि जुनी यंत्रे शेवटी कोठे टाकली जाणार. ही उत्तरे जनतेसमोर ठेवल्यावाचून एक चौरस मीटर जमीनही देऊ नये.

आणि थोडा हिशेब आपणही द्यावा. भ्रमणध्वनीमुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा मोठा भाग तो आपल्या हाती येण्यापूर्वीच, कारखान्यात, घडून गेलेला असतो. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला आणि त्याचा चौथा हिस्साही रीतसर पुनर्वापराच्या वाटेला लागल्याची नोंद नाही. आजीच्या वेळचे तांब्याचे भांडे कल्हई करून तीन पिढ्या वापरणारी माणसे आपण. चालता फोन दोन वर्षांत टाकून देताना आपला हात थोडा तरी अडखळला पाहिजे.