उतारावरचं गवत आणि इंजिनातलं तेल

बदलापूरहून बारवी धरणाकडे निघा किंवा अंबरनाथहून मलंगगडाच्या पायथ्याला जा, सपाट जमीन लवकरच संपते. जुनी माणसं जिला वरकस म्हणत, त्या चढउताराच्या जमिनीवर आता फार्महाऊसचे प्लॉट पडलेत. पावसाळ्यात तिथे गवत बघता बघता कमरेला लागतं. विळ्याला उताराची कधीच अडचण नव्हती. यंत्राला असते, आणि ती पात्यात नाही, पोटातल्या तेलात असते!

चाकांच्या साध्या पेट्रोल मोअरचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. ऑइल तळाशी साठलेलं असतं आणि कनेक्टिंग रॉडला लावलेला डिपर ते वर उडवून सगळे भाग ओले ठेवतो. मशीन फार कललं की ऑइल एका कोपऱ्यात जातं, डिपर कोरडाच फिरतो आणि इंजिन जाम व्हायची वेळ येते. कार्ब्युरेटरमध्ये गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलसारखा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. उतारावर तोही फसतो.

आता पट्ट्याने खांद्याला अडकवायचं ग्रास कटर बघा. आडवं धरा, तिरपं धरा, ते चालतच राहतं. त्याच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं; जळायला जाता जाता ते आतल्या प्रत्येक भागाला लागतं. फ्लोटच्या जागी पातळ पडदा असतो, तो इंजिनातल्याच दाबाच्या हेलकाव्यांवर हलत पेट्रोल ओढतो. होंडाने तर ३५.८ सीसीच्या 'जीएक्स ३५' या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलचं धुकं करून आत खेळवलं, आणि तेही कुठल्याही कोनात चालतं. बारवीच्या भिंतीइतकंच हे कौशल्य मला थोर वाटतं.

१९६०च्या दशकात स्वीडनच्या कार्ल डालमान यांनी हॉवरक्राफ्टवरून कल्पना घेऊन मोअरची चाकंच काढली. तो हवेच्या थरावर तरंगतो. बंगल्यापुढच्या उतरत्या हिरवळीला उत्तम, पण आपल्या गवताखाली दडलेल्या काळ्या दगडांवर त्याचं काम नाही.

बसून चालवायच्या मोअरला बहुतेक ठिकाणी १५ अंशांची मर्यादा सांगतात, म्हणजे मीटरमागे सुमारे २७ सेंटिमीटर चढ. मीटरभर फळी, गवंड्याची पाणसळ आणि टेप घेऊन आधी आपला उतार मोजा. ढकलायचा मोअर उताराला आडवा चालवा, म्हणजे पाय घसरला तरी मशीन अंगावर येणार नाही.

उल्हासनगरच्या बाजारात मशीन बघायला गेलात, तर पात्याची रुंदी विचारण्याआधी इंजिन किती अंशांपर्यंत चालतं ते विचारा आणि माहितीपुस्तिकेत तो आकडा दाखवायला सांगा. आणि टू-स्ट्रोक घेतलंत, तर त्यात नुसतं पेट्रोल कधीही भरू नका.