नात कॅनडात सोशल वर्क शिकते, पुढे काय?

नातीने फोनवर "आजी, मी सोशल वर्क शिकते" म्हटले, की आपल्याला वाटते, समाजसेवा चांगली, पण पोट कसे भरणार? कॅनडात हा रीतसर पेशा आहे. टोरांटो विद्यापीठात हे शिक्षण १९१४ साली सुरू झाले. आपल्या मुंबईतली टाटा संस्था निघाली १९३६ साली.

पदवीला बहुधा चार वर्षे लागतात. त्यात नुसती पुस्तके नाहीत. इस्पितळ, शाळा, वृद्धाश्रम अशा ठिकाणी देखरेखीखाली किमान ७०० तास काम करावे लागते. इस्पितळातून घरी जाणाऱ्या आजीबाईंकडे कोण बघणार, ही व्यवस्था लावायला मुले तिथेच शिकतात. नोकरी मागताना हाच अनुभव कामी येतो.

पण पदवीने सगळे भागत नाही. ऑन्टारिओ प्रांतात नोंदणीशिवाय स्वतःला सोशल वर्कर म्हणवता येत नाही. १९९८ चा तसा कायदाच आहे. नोंदणी करणाऱ्या मंडळाला तिथे 'कॉलेज' म्हणतात, पण ते शिकवत नाही, बरं का! भारतातली पदवी असेल, तर ती आधी तपासून घ्यावी लागते.

म्हणून फी भरण्यापूर्वी नातवंडांना एवढेच विचारा: "बाळा, हा कोर्स मान्यताप्राप्त आहे ना?"