औषधाची कसोटी आणि रुग्णाचा शब्द

नव्या औषधाची परीक्षा सामान्यतः दोन साक्षींवर उभी असते. एक साक्ष उपकरणाची आणि दुसरी रुग्णाच्या वाणीची. मधुमेहात रक्तातील शर्करा मोजता येते. तेथे रुग्णाच्या वर्णनाला दुय्यम स्थान राहते. जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलट येण्याच्या विकारात मात्र स्थिती निराळी आहे. कित्येक रुग्णांच्या अन्ननलिकेत दुर्बिणीने पाहिले असता व्रण आढळत नाही. तरीही त्यांच्या छातीत आग होतच असते. ही आग मोजण्याचे साधन रुग्णाच्या शब्दाखेरीज दुसरे नाही. म्हणून या विकारावरील औषधाच्या प्रयोगात शब्द हे केवळ वर्णनाचे साधन राहत नसून मापनाचे साधन बनतात.

लेसोगॅबेरान या प्रायोगिक औषधाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ओमेप्राझोल आणि त्याच्या वर्गातील औषधे जठरात आम्ल निर्माण होण्यासच प्रतिबंध करतात. परंतु जठर व अन्ननलिका यांच्या संधीवरील संकोचक स्नायू वेळी-अवेळी शिथिल होतो, त्यावर त्यांचा इलाज नाही. ही शिथिलता बॅक्लोफेन या स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाने घटते, असे पूर्वीच दिसून आले होते. पण बॅक्लोफेन मेंदूवरही कार्य करीत असल्याने गुंगी व चक्कर हे त्याचे दोष आड येत. अॅस्ट्राझेनेका या कंपनीने विकसित केलेले लेसोगॅबेरान त्याच जातीच्या ग्राहींवर, परंतु मुख्यत्वे मेंदूच्या बाहेर, कार्य करावे अशा रीतीने योजलेले होते.

उपकरणांची साक्ष अनुकूल होती. आम्लरोधक औषध घेऊनही ज्यांचा त्रास हटला नव्हता, अशा रुग्णांत स्नायूची शिथिलता सुमारे एक-चतुर्थांशाने आणि उलट प्रवाहाचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने घटले. त्यानंतर अशाच 661 रुग्णांवर चार आठवड्यांचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचा वृत्तांत 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. येथे निर्णय रुग्णांच्या दैनंदिन नोंदींवर होता. आठवड्यातून सरासरी आणखी तीन दिवस तरी त्रास सौम्यतेपलीकडे गेला नाही, तर औषध लागू पडले, असे धरावयाचे होते. सर्वांत मोठ्या मात्रेने 26.2 टक्के रुग्णांना गुण आला. औषधी द्रव्य नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीने 17.9 टक्क्यांना. एवढ्या अल्प अंतरावर औषध उभे राहू शकले नाही आणि या रोगासाठी त्याचा विकास थांबला.

या तफावतीचे खापर केवळ भाषेवर फोडणे युक्त होणार नाही. काही रुग्णांची अन्ननलिका अतिसंवेदनक्षम असते, तर काहींच्या जळजळीचा आम्लाशी संबंधच नसतो. तथापि ज्या साधनाने ही तफावत मोजली गेली ते साधन शब्दांचे होते, ही गोष्ट उरतेच. इंग्रजीतील हार्टबर्न या शब्दाचा हृदयाशी काही संबंध नाही. चिनी, कोरियन व मलय भाषांत त्याला नेमका प्रतिशब्द नाही, हे पचनसंस्थेच्या तज्ज्ञांनी अनेकदा नमूद केले आहे.

मराठीची अडचण याच्या उलट आहे. येथे शब्दाचा अभाव नाही. एका शब्दाचा विस्तार अतोनात आहे. माधवनिदानात आम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण असून छाती व कंठ यांचा दाह त्याच्या लक्षणांत गणलेला आहे. परंतु व्यवहारात ‘पित्त झाले’ या वाक्याने आंबट ढेकर, मळमळ, पित्ताची उलटी आणि उलटी झाल्यावर उतरणारी डोकेदुखी या सर्वांचा बोध होतो. ‘अंगावर पित्त उठले’ म्हटले की तो त्वचेचा विकार ठरतो. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे गाव वऱ्हाडी बोलीच्या प्रदेशात येते. या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. त्यामुळे ‘जळजळ’ तेथे ‘जयजय’ होते आणि ‘मला’चे ‘मले’. ‘मले पित्त झालं’ आणि ‘छातीत जयजय होते’ ही दोन उत्तरे वैद्यकीय दृष्टीने एक नव्हेत. पहिल्याने रोगाचे नाव सांगितले जाते, दुसऱ्याने जागा आणि संवेदना.

भारतातील 2019 च्या नियमांनुसार औषधाच्या प्रयोगासाठी घ्यावयाची संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावी लागते. प्रश्नावलीच्या बाबतीत भाषांतर पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहण्याची रूढ पद्धती आहे. परंतु हार्टबर्नसाठी ‘पित्त’ योजले आणि उलट भाषांतरकाराने सवयीने त्याचे पुन्हा हार्टबर्न केले, तर कागदावर दोष दिसत नाही; तो रुग्णाच्या उत्तरात दडून राहतो. याकरिता बोलीचे भाषक असलेल्या रुग्णांना प्रत्येक प्रश्न स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगावयास लावणे ही अधिक विश्वसनीय परीक्षा होय. ‘पित्त होते का?’ यापेक्षा ‘छातीच्या हाडामागे आग होऊन ती वर घशाकडे येते का?’ हा प्रश्न लांब खरा, पण निःसंदिग्ध आहे.

हा विचार निव्वळ तात्त्विक नव्हे. व्होनोप्राझान हे नव्या पद्धतीने आम्ल रोखणारे औषध व्रणरहित विकारासाठी अमेरिकेत जुलै 2024 मध्ये मान्य झाले, ते जळजळरहित दिवसांच्या गणतीवर: दहा मिलिग्रॅमच्या मात्रेने असे दिवस 44.8 टक्के, तर द्रव्यहीन गोळीने 27.7 टक्के. त्याच वर्षी मुंबईच्या सन फार्मा कंपनीने भारतातील विक्रीसाठी त्याचा परवाना घेतला. अशा औषधांचा गुणावगुण मराठी भाषकांत तपासावयाचा, तर प्रत्येक जळजळरहित दिवस कोणाच्या तरी बोलीतील उत्तरातून मोजला जाणार. ‘पित्त’ या एका शब्दाखाली चार व्याधी मोजल्या गेल्या, तर गुणकारी औषध निरुपयोगी ठरेल, किंवा निरुपयोगी औषध गुणकारी; आणि दोन्ही प्रसंगी त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागेल.