‘गिव्ह अप’: किल्ल्यापासून टाळ्यांपर्यंत

‘ही गेव्ह अप हिज फ्रेंड्स.’ चार-पाच शब्दांचे हे साधे इंग्रजी वाक्य. त्याने मित्रांची संगत सोडली, असा त्याचा अर्थ होतो. आणि त्याने मित्रांची नावे पोलिसांना सांगून टाकली, असाही होतो. पहिला अर्थ जुना आहे, दुसरा प्रामुख्याने अमेरिकी बोलीत रुळलेला. एखाद्या जबानीचा किंवा परदेशी बातमीचा अनुवाद करणाऱ्याने येथे चुकीचा अर्थ निवडला, तर साथीदारांना पकडून देणारा मनुष्य मराठीत वाईट संगत सोडणारा सद्गृहस्थ ठरतो. शब्दकोशात ‘गिव्ह’ पाहून उपयोग नाही आणि ‘अप’ पाहूनही नाही. अर्थ या दोघांच्या जोडीत असतो.

क्रियापदापुढे ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘आउट’ यांसारखा चिमुकला शब्द येऊन तयार होणाऱ्या अशा जोड्यांना इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ मध्ये रूढ केले. प्रकार मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या सुप्रसिद्ध कोशाच्या प्रस्तावनेतच, परभाषकांना सर्वाधिक अडचण याच जोड्यांची होते, असे नमूद केले होते.

‘गिव्ह अप’चा इतिहास तर थेट बाराव्या शतकात जातो. इंग्लंडमधील पीटरबरो येथील मठात एक बखर लिहिली जात होती. राजा स्टीफनची कारकीर्द (११३५ ते ११५४) म्हणजे यादवीचा काळ. राजाला सॉल्झबरीचा बिशप रॉजर आणि त्याचा पुतण्या, लिंकनचा बिशप अलेक्झांडर यांच्या वाढत्या सामर्थ्याची धास्ती वाटू लागली. धर्मगुरू असले तरी दोघांच्या ताब्यात भक्कम किल्ले होते. ११३९ मध्ये ऑक्सफर्ड येथे राजाने त्यांना पकडले आणि किल्ले हवाली करीपर्यंत कैदेत ठेवले. बखरकाराने हा प्रसंग ११३७ या सालाखाली नोंदवला आहे, आणि किल्ले हवाली करण्यासाठी त्याने योजलेले शब्द आहेत ‘iafen up’ या रोमन अक्षरांतले, म्हणजे साधारणतः ‘यावन ऊप’. हीच आजच्या ‘गेव्ह अप’ची आजी. तेव्हा ‘गिव्ह’चा आरंभ ‘य’सारखा होत असे, पुढे रूढ झालेला ‘ग’ उत्तरेकडून आलेल्या नॉर्स भाषिकांच्या प्रभावाने आला, असे भाषाभ्यासक मानतात.

प्रश्न असा, की किल्ला द्यायचा तर नुसते ‘देणे’ का पुरेसे झाले नाही? जुन्या इंग्रजीत असे अर्थभेद क्रियापदाच्या आधी उपसर्ग लावून होत. ‘फर’ हा उपसर्ग ‘गिव्ह’ला लागून झालेला ‘फरगिव्ह’, म्हणजे क्षमा करणे, हा त्याच पद्धतीचा अवशेष होय. पुढे ही उपसर्गांची व्यवस्था मोडकळीस आली आणि तिचे काम क्रियापदाच्या पाठीमागे येणाऱ्या सुट्या शब्दांकडे गेले. जर्मन भाषेत ‘आउफगेबेन’ हे ‘गिव्ह अप’चे सख्खे भावंड आजही आहे. गंमत अशी की त्यापासून झालेल्या ‘आउफगाबे’ या नामाचा अर्थ शरणागती होतो, तसाच शाळेत मुलांना नेमून दिलेले काम असाही होतो!

मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. हृ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे परस्परांशी न जुळणारे अर्थ निघतात, ते उपसर्गांच्याच बळावर. शिवाय इंग्रजी ‘अप’ आणि संस्कृत ‘उप’ हे मुळात एकाच कुळातले शब्द आहेत. दा धातूला उप लागून संस्कृतात ‘उपदा’ शब्द होतो. त्याचा अर्थ राजाला दिलेली भेट. बिशपांनी राजाला दिलेली भेट मात्र खुशीची नव्हती.

तथापि ‘अप’चे खरे काम समजून घ्यायचे तर संस्कृतापेक्षा बोलीतली मराठी अधिक उपयोगी पडते. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतला ‘अप’ वरची दिशा दाखवत नाही. क्रिया पुरी झाली, मागे काही उरले नाही, हे दाखवतो. मराठीत हेच काम ‘टाकणे’ करते: खाऊन टाकणे, वापरून टाकणे. त्याच चालीवर ‘गिव्ह अप’ म्हणजे देऊन टाकणे. परत मागण्याचा हक्कही त्यात गेला.

हा धागा धरला की पुढचे अर्थ आपोआप उलगडतात. आरोपी ‘गिव्ह्ज हिमसेल्फ अप’, म्हणजे पोलिसांच्या स्वाधीन होतो. मनुष्य दुःखाला वा अभ्यासाला स्वतःला ‘गिव्ह अप’ करतो, म्हणजे वाहून घेतो. जुन्या कादंबऱ्यांत डॉक्टर रोग्याला ‘गिव्ह अप’ करतात, म्हणजे त्याच्या जगण्याची आशा सोडतात. ‘गिव्ह अप द घोस्ट’ हा १६११ च्या इंग्रजी बायबलमुळे घरोघरी पोचलेला प्रयोग. त्यातला ‘घोस्ट’ म्हणजे भूत नव्हे, प्राण. आता तोच प्रयोग बंद पडलेल्या धुलाई यंत्रालाही लावतात.

यांतील बहुतेक ठिकाणी मराठीत एकच क्रियापद चालते: सोडणे. सिगारेट सोडली, आशा सोडली, हक्क सोडला, प्राण सोडला. हक्काच्या बाबतीत तर मराठी आणखी पुढे जाते आणि त्यावर पाणी सोडते. दानाचा संकल्प करताना हातावरून उदक सोडण्याच्या विधीची ती आठवण. पण या सोयीतच एक खोच आहे. ‘सोडणे’ला ‘लीव्ह’ हाही इंग्रजी प्रतिशब्द असल्याने ‘आय लेफ्ट टी’ यासारखी वाक्ये मराठी माणसाच्या तोंडी सर्रास येतात. चहा, सिगारेट, आशा यांना ‘गिव्ह अप’च हवे. घर किंवा गाव सोडले तर ‘लीव्ह’ चालते.

दुसरी गल्लत ‘गिव्ह इन’शी होते. ‘गिव्ह अप’ म्हणजे प्रयत्न सोडणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे कोणाच्या तरी दबावापुढे नमणे. क्लासच्या भिंतींवर चर्चिलच्या नावाने ‘नेव्हर गिव्ह अप’ झळकते. २९ ऑक्टोबर १९४१ रोजी हॅरो शाळेतल्या भाषणात तो ‘नेव्हर गिव्ह इन’ म्हणाला होता. लगेच त्याने अपवादही जोडला, की नमायचे तर स्वाभिमान आणि सद्विवेक यांच्यापुढेच. हा अपवाद ‘इन’लाच शोभतो, ‘अप’ घातले की वाक्य मोडते. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा ‘गिव्ह अप’ करण्यास नकार दिला, असे इतिहास सांगतो. स्वतः पार्क्स यांनी आपल्या आत्मचरित्रात त्या दिवशीच्या थकव्याविषयी लिहिताना शब्द वापरला तो ‘गिव्ह इन’. जागा सोडण्याची गोष्ट एका दिवसाची होती, नमत राहण्याची जन्मभराची.

भारतात हा प्रयोग सरकारी मोहिमेचे नाव होऊनही आला. २७ मार्च २०१५ रोजी केंद्र सरकारने ‘गिव्ह इट अप’ या नावाने गॅस सिलिंडरवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केले आणि साधारण वर्षभरात १ कोटीहून अधिक ग्राहकांनी ते सोडले. मराठीत त्याला ‘सबसिडी सोडणे’च म्हटले गेले.

या उलट, अमेरिकी रंगमंचावरून आलेले आणि आता आपल्याकडच्या महाविद्यालयीन महोत्सवांत ऐकू येणारे ‘गिव्ह इट अप फॉर’ हे ‘सोडणे’त अजिबात बसत नाही. निवेदक कलावंताचे नाव घेऊन असे म्हणतो, तेव्हा त्याला प्रेक्षकांकडून हात राखून न ठेवलेल्या टाळ्या हव्या असतात. मराठी निवेदक अशा वेळी सांगतो, ‘टाळ्या होऊन जाऊ द्या!’